आलिशान गाडीची पुढची काच बदलताय? या चुका टाळा

काच नवी, बसवणी देखणी, कुठे रेघ नाही की डाग नाही. मालक खुशीत गाडी घेऊन निघतो आणि अंधार पडला की समोर काचेवर उमटणारा वेगाचा आकडा त्याला दोन-दोन दिसायला लागतो, एकावर एक, किंचित सरकलेला. मग प्रोजेक्टर बिघडला असं समजून डॅशबोर्ड उघडण्यापर्यंत गोष्ट जाते. प्रोजेक्टर ठणठणीत असतो. काचच दुसऱ्या गाडीची असते.

पुढची काच म्हणजे काचेचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा सुमारे पाऊण मिलिमीटरचा थर. वेगाचा आकडा काचेवर उमटवणाऱ्या सोयीला हेड-अप डिस्प्ले म्हणतात. त्याचा प्रकाश आतल्या पृष्ठभागावरून परततो, तसाच बाहेरच्या पृष्ठभागावरूनही परततो. साध्या काचेत ही दोन प्रतिबिंबं वेगवेगळ्या जागी पडतात. डिस्प्लेच्या गाडीत मधला थर पाचरीसारखा असतो, वर किंचित जाड आणि खाली किंचित बारीक. त्यामुळे दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बरोबर बसतात. हा फरक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. दोन काचा शेजारी ठेवल्या तरी ओळखू येणार नाही. म्हणून ही चूक बसवताना होत नाही, मागवतानाच होते.

मॉडेलचं नाव सांगून काच मागवणं

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या काचा वेगळ्या असू शकतात. एकीत डिस्प्ले आहे, दुसरीत नाही. एकीत आवाज अडवणारा मऊ थर आहे. एकीत उष्णता परतवणारा धातूचा अतिसूक्ष्म लेप आहे. कुठे वायपर टेकतात तिथे गरम होणाऱ्या तारा आहेत, कुठे काचेतच अँटेना आहे, कुठे आरशामागे एका कॅमेऱ्याची जागा आहे तर कुठे दोनची. या सगळ्या जोड्या जमवल्या की पर्यायांची लांबलचक यादी तयार होते. म्हणून चेसिस नंबर द्यायचा आणि त्यावरूनच पार्ट नंबर काढायला लावायचा.

शिवाय जुन्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का आणि खुणांचा फोटो काढून ठेवावा. फक्त जुन्या काचेवर मात्र विसंबू नका. गाडी दुसऱ्याच्या हातून आली असेल तर ती काच आधीच एकदा बदललेली, आणि तेव्हाच चुकलेली असू शकते. चेसिस नंबर आणि गाडीत प्रत्यक्ष असलेल्या सोयी, दोन्ही जुळले तरच ऑर्डर पक्की करा.

चुकीच्या काचेचे परिणाम कधीकधी भलत्याच ठिकाणी दिसतात. आवाज अडवणाऱ्या काचेच्या जागी साधी बसली की हमरस्त्यावर केबिनमधली शांतता जाते, आणि मालक टायर बदलत बसतो. धातूचा लेप असलेल्या काचेत रेडिओ लहरी अडतात. म्हणून आरशाजवळ लेप नसलेली एक छोटी खिडकी ठेवलेली असते. टोलचा टॅग त्या खिडकीबाहेर चिकटवला की तो वाचलाच जात नाही. टॅग बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहा.

कार कंपनीच्या शिक्क्याची काच घ्यावी की दुसरी, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. कार कंपन्या सहसा स्वतः काच बनवत नाहीत. सेंट-गोबेन, पिल्किंग्टन, एजीसी, फुयाओ असे काच उत्पादक त्यांना पुरवठा करतात. साध्या गाडीत योग्य प्रतीची दुसरी काच मी बिनदिक्कत घेईन. पण डिस्प्ले आणि कॅमेरा दोन्ही असतील तर कंपनीच्याच पार्ट नंबरची घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यासमोरच्या तळहाताएवढ्या भागात काच जराशी लहरदार असली, तर पुढचं सगळं काम अडकून पडतं.

टवका उडाल्यावर वाट पाहणं

दगड लागून टवका उडाला तर दर वेळी काच बदलावी लागत नाही. फक्त बाहेरचा पत्रा दुखावला असेल, खूण लहान असेल आणि चालकाच्या थेट नजरेत, कॅमेऱ्यासमोर किंवा अगदी कडेला नसेल, तर रेझिन भरून ती थांबवता येते. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ-पाणी गेलं की रेझिन नीट धरत नाही. थंडगार काचेवर गरम हवेचा झोत सोडू नका, उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. कडेपासून निघालेला तडा मात्र बहुतेक वेळा पसरतोच. तिथे रेझिनवर खर्च करण्यात अर्थ नाही.

काच चिकटवण्याला किरकोळ काम समजणं

चिकटवलेली काच गाडीच्या सांगाड्याला ताठपणा देते. अपघातात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना अनेक गाड्यांमध्ये काचेचाच आधार घेते. बंध कच्चा असेल तर काच बाहेर ढकलली जाते आणि एअरबॅगला टेकायला जागाच उरत नाही. म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वरून न दिसणाऱ्या, काच धरून ठेवणाऱ्या काळ्या चिकट पट्टीची, म्हणजे युरेथेनची.

जुनं युरेथेन खरवडून पत्रा लख्ख करणं ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. जुना थर घट्ट असेल तर तो १ ते २ मिलिमीटर ठेवून समतल कापायचा असतो, कारण नवं युरेथेन ताज्या कापलेल्या जुन्या युरेथेनवर उत्तम धरतं. कापताना रंगाला ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे. नाहीतर गंज आतल्या आत पसरतो आणि काही वर्षांनी बंधच उचलला जातो. काचेच्या काळ्या किनारीला बोट लागलं तरी तेलकट डाग राहतो आणि त्या जागी पकड कमी होते. युरेथेनच्या नळीवर मुदतीची तारीख असते, ती वाचायला मागा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल किंवा काचेत अँटेना असेल तर वीज न वाहणारं युरेथेन लागतं. चुकीचं वापरलं की एकीकडे धातू कुरतडला जातो, दुसरीकडे रेडिओ खरखरतो. हाताशी आहे ती नळी सगळ्या गाड्यांना चालते, असं कुणी सांगितलं तर तिथून गाडी परत न्या.

काचेच्या बाजूच्या खांबाचं आवरण ओढून काढणं ही आणखी एक चूक. त्याच्यामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिथल्या काही क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, काढल्या की नव्याच घालायच्या. जुनी क्लिप परत दाबून बसवली तर एअरबॅग फुटताना ते आवरण कुठे उडेल याचा भरवसा नाही.

मग घाई. युरेथेन हवेतला ओलावा शोषून घट्ट होतं. थंड, कोरड्या हवेत तेच युरेथेन बराच जास्त वेळ घेतं. त्यामुळे तासाभरात गाडी मिळेल हे उत्तर नळीच्या माहितीपत्रकाशी आणि त्या दिवसाच्या हवेशी जुळलं पाहिजे. गाडी चालवण्याइतका बंध तयार होणं वेगळं आणि तो पूर्ण पक्का होणं वेगळं. पहिला दिवसभर एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. या गाड्यांची दारं इतकी घट्ट बसतात की दार आपटल्यावर आतली हवा ताज्या बंधावर धक्का देते. वरच्या चिकटपट्ट्या कुरूप दिसल्या तरी सांगितलेल्या वेळेआधी काढू नका, आणि जोरदार फवाऱ्याने धुणं एक-दोन दिवस टाळा.

दिवा लागला नाही म्हणून कॅमेरा बरोबर आहे असं मानणं

ही सगळ्यात धोक्याची समजूत. आरशामागचा कॅमेरा लेन ओळखतो, समोरची गाडी आणि माणूस ओळखतो, वेळ पडल्यास ब्रेक लावतो. काही गाड्यांत दोन भिंगं असतात. मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये अशी जोडी दिली आणि आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे ती खोली मोजते. या कॅमेऱ्याचा कल फक्त १ अंशाने चुकला तर १०० मीटरवर तो सुमारे पावणेदोन मीटर बाजूला पाहतो. हमरस्त्याची लेन साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन गेली. तरीही डॅशबोर्डवर काहीच पेटत नाही, कारण काच बदलली हे अनेक गाड्यांना कळतच नाही. कॅमेऱ्याच्या हिशोबाने तो सरळच पाहत असतो.

म्हणून काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा बरोबर जुळवणं, झालंच पाहिजे. काही गाड्यांत ते जागेवर होतं, ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक ठेवून. काहींत नीट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठराविक वेगाने चालवून होतं. काहींना दोन्ही लागतं. कुठलं करायचं हे कंपनीची पद्धत ठरवते, कारागिराची सोय नाही.

जागेवरचं कॅलिब्रेशन बिघडवणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. जमीन समतल नाही. टायरमध्ये हवा कमी-जास्त आहे. डिकीत सामान तसंच आहे. फलकावर ऊन पडलंय किंवा मागे चकाकणारी भिंत आहे. एअर सस्पेन्शनच्या गाडीत उंचीची पातळी भलतीच राहिली आहे, आणि मग सगळं मोजमाप चुकीच्या उंचीवरून होतं. बॅटरीला बाहेरून चार्जर जोडला नाही तर व्होल्टेज पडून काम अर्ध्यात थांबतं. युरेथेन धरायच्या आत कॅलिब्रेशन उरकलं, तर नंतर काच किंचित बसली की सगळं व्यर्थ.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही ते अडकत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी काच पाहा. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट तिरका चिकटलाय का, भिंगासमोर बोटाचा ठसा आहे का, चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय का. काम झाल्यावर गाडीच्या संगणकातले दोष दाखवणारा, काम सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा स्कॅन, आणि कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागून घ्या. आणि कळकळीने सांगतो, स्वयंचलित ब्रेक लागतो का हे पाहायला कशाच्याही दिशेने गाडी नेऊ नका. पट्टे स्पष्ट असलेल्या मोकळ्या रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर ठेवून, गाडी सतत एका बाजूला ओढते का एवढंच पाहा.

काच बसल्यानंतर काही खटकलं तर

कोरड्या काचेवर वायपर फिरतात आणि पावसात गप्प बसतात, ही ठरलेली तक्रार. पावसाचा सेन्सर काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असेल तर तो पूर्ण परततो, थेंब असेल तर काही बाहेर निसटतो. सेन्सर आणि काचेमध्ये पारदर्शक जेलची गादी असते. जुनी गादी परत वापरली की हवेचे बुडबुडे राहतात आणि सेन्सर फसतो. बाहेरून टॉर्च लावून पाहा, बुडबुडे दिसतात. उपाय एकच, नवी गादी.

शिट्टीसारखा आवाज येत असेल तर काचेच्या कडांवर कागदी चिकटपट्टी लावून त्याच वेगाने फेरी मारा. आवाज थांबला की एकेक बाजूची पट्टी काढत जा, जागा सापडते. पुष्कळदा दोष बंधाचा नसून नीट न बसलेल्या बाहेरच्या पट्टीचा निघतो.

पाणी आत येत असेल तर पाइपने हलकी धार खालून वर नेत जा, प्रत्येक जागी थोडं थांबून, आणि आत दुसरा माणूस बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. त्याआधी सनरूफचे निचरा पाइप आणि वायपरखालची पन्हळ तुंबलेली नाही ना, ते पाहा. काचेला विनाकारण दोष जातो.

काच सारखी धुरकटत असेल आणि एसी आपोआप वेडावाकडा चालत असेल, तर आरशामागचा आर्द्रतेचा सेन्सर सुटलेला असण्याची शक्यता आहे. डिस्प्लेचा आकडा दोन दिसत नसून फिका दिसत असेल, तर आधी डोळ्यांवरचा पोलराइज्ड गॉगल काढा. त्यात काचेचा काही दोष नसतो.

शेवटची तक्रार, कुठेही दगड न लागता काही दिवसांत कडेतून तडा जाणं. नखाने किंवा पेनच्या टोकाने तडा जिथून निघतो तिथे चाचपून पाहा. खड्डा लागला नाही, टवका नाही, तर हा ताणाचा तडा. काच पत्र्याला टेकली, आधाराचे ठोकळे विसरले किंवा युरेथेनची धार कुठे उंच कुठे सखल पडली, की असं होतं. हा बसवणीचा दोष आहे आणि तो बसवणाऱ्यानेच निस्तरायचा असतो. त्याच दिवशी तड्याचे जवळून आणि लांबून फोटो काढा, पट्टी ठेवून लांबी मोजा, आणि तो काचेच्या मध्यापर्यंत पोचण्याआधी गाडी दाखवा.