बेटांची क्रूझ: आधी वेळापत्रक, मग जहाज

पहिल्या खेपेला मी जहाज पसंत केलं आणि बेटं पदरात पडली तशी घेतली. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला जहाज धक्क्याला लागत नाही, नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडतात, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. नंबर लागेपर्यंत दीड तास गेला. पाण्यात पाय बुडवले न बुडवले तोच परतायची वेळ!

तेव्हापासून मी जहाजाचे फोटो शेवटी बघते. आधी कागदावर प्रत्येक बंदराची पोचायची आणि निघायची वेळ मांडते. आठ ते पाच छापलंय म्हणून नऊच्या नऊ तास हाती लागत नाहीत. उतरायला वेळ जातो, आणि जहाज सुटायच्या निदान अर्धा तास आधी परत चढावं लागतं. छोट्या बोटींचा मामला असेल (याला ‘टेंडर’ म्हणतात, बेलीझ सिटी, बोरा बोरा इथेही तेच) तर मी आणखी दोन तास वजा करते. समुद्र खवळला तर असं बंदर सरळ गाळतात. कंपनीचं स्वतःचं खासगी बेट यादीत असतं, ते मी बेटांत धरत नाही. ज्यांना नुसतं वाळूत पडायचंय त्यांनी खुशाल धरावं.

मग महिना. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त जोर. तेव्हाची तिकिटं उगाच स्वस्त नसतात. वादळ आलं की जहाज वाट बदलतं, आणि आपण भलत्याच बेटावर. त्या दिवसांत जायचंच झालं तर अरुबा, बोनेअर, क्युरासाव बघा. वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून ती बरीच दक्षिणेला आहेत. पॅसिफिक महासागरातल्या ताहितीकडे मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ.

बोट लागत असेल तर खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या. माझ्या बहिणीने बाल्कनीच्या हौसेपायी पार पुढच्या टोकाची, वरची खोली घेतली आणि दोन दिवस लिंबू हुंगत काढले.

शेवटी पैसे. भाड्यात टिप, पेयं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली बहुधा धरलेल्या नसतात. ते सगळं मिळवायचं आणि येणाऱ्या रकमेला बेटांवरच्या खऱ्या तासांनी भागायचं. मागच्या वेळी या भागाकारात सगळ्यांत स्वस्त जहाज तिसऱ्या नंबरावर गेलं.