ओळखीच्या नावाने येणारे चोर: या चुका टाळा

म्हापसा असो, फोंडा असो नाहीतर डिचोली, फसलेला माणूस मोबाईल घेऊन माझ्याकडे येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "पण मेसेज तर ओळखीच्याच माणसाचा होता!" अहो, म्हणूनच तर फसलात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आलेला सहा आकडी कोड पुढे पाठवणं. ओळखीतल्या एका काकींना चवथीच्या तोंडावर भजनी मंडळातल्या बाईचा मेसेज आला, "माझा कोड चुकून तुमच्याकडे गेला, जरा पाठवा ना". माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान आणायची गडबड, काकींनी दिला पाठवून. तो कोड काकींच्याच व्हॉट्सॲपचा होता आणि त्या बाईचं अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलेलं. थोड्या वेळात काकींचं व्हॉट्सॲप बंद, आणि त्यांच्या नावाने सगळ्या नातेवाईकांना, "अर्जंट वीस हजार पाठव, माझं यूपीआय चालत नाही, सकाळी परत देते". पुण्याच्या भाच्याने पाठवले सुद्धा. वाड्यावरच्या एका मुलीने साधा फोन लावून विचारलं म्हणून निदान पुढचे वाचले.

त्यात काकींच्या मुलाने घाईघाईत ॲप काढून परत टाकलं, अंदाजाने कोड मारत बसला आणि व्हॉट्सॲपने काही तास थांबायला लावलं. या घाईचा मला मनापासून राग येतो. शांतपणे आपल्याच नंबरने परत लॉगिन करा, एसएमएसवर आलेला कोड एकदाच नीट टाका, चोर बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन, म्हणजे एसएमएसच्या कोडनंतर लागणारा आपण ठरवलेला दुसरा पिन, लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस लागू शकतात, पण कोड टाकल्यावर तोही आत राहत नाही. म्हणून हा पिन आपणच आधी लावावा: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, वर ईमेलही जोडा. आणि जन्मतारीख पिन म्हणून ठेवू नका, ती आधारवर छापलेली असते.

पैशाचा मेसेज आला की मी साधा कॉल करतो, व्हॉट्सॲप कॉल नाही, आणि कोकणीतून घरचं काहीतरी विचारतो. पैसे त्यानंतर.

दुसरी चूक, झेरॉक्सवाल्याला आधारचा फोटो व्हॉट्सॲप करणं. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं नावासकट पडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्याच कॉम्प्युटरवर येणारा-जाणारा कोणीही बसतो. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या युआयडीएआयच्या साइटवर मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट निघाली की समोर उभं राहून फाइल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून वर आडवी सही करायची माझी सवय आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही अधूनमधून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतं.

बाकीच्या थोडक्यात. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही, त्यामुळे "दाबोळीला बदली झालीय, रूम हवी, डिपॉझिट पाठवतो, त्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणाऱ्या फौजीचा फोन कट करा. चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो. फोनवरूनच "तुम्हाला अटक झालीय" म्हणून धमकावणारी डिजिटल अरेस्ट कायद्यात नाहीच, व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणाला अटक करत नाहीत.

आणि पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका. तो भाचा रात्रभर विचार करत बसला, तेवढ्यात पैसे तीन खाती फिरले. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे मध्येच अडकवायची शक्यता जास्त. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार, आणि गोव्यात रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहे. जाताना व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) आणि स्क्रीनशॉट न्या, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.