फोटो काढण्याआधी उजेड कसा पाहावा: पुण्याच्या पेठांमधून

पुण्यात फोटो काढायला निघालेला माणूस बहुधा आधी शनिवारवाडा गाठतो आणि दिल्ली दरवाज्याचा काळवंडलेला फोटो घेऊन घरी येतो. मग फोनला नावं ठेवतो. फोन बिचारा काय करणार? हा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. डिसेंबरात दरवाज्याच्या तोंडावर ऊन पडतच नाही, उलट आपण उजळ आकाशाकडे कॅमेरा रोखून उभे असतो. तीच बाजू मेच्या अखेरीस सकाळी जाऊन पाहा. सूर्य ईशान्येकडून वर आलेला असतो, ऊन तटाला घासत पुढे सरकतं, बुरुजाची गोलाई कळते, दगडांच्या फटी मोजता येतात.

तेव्हा क्रम उलटा करायचा. काय टिपायचं हे आधी न ठरवता उजेड कुठे पडलाय ते पाहायचं आणि मग त्या उजेडात कोण येतं, काय येतं याची वाट पाहायची. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही आणि लांब जावंही लागत नाही. कसबा, सदाशिव, नारायण, शुक्रवार अशा पेठांमधली कुठलीही गल्ली पुरे. तिथे अजून छोट्या गावासारखं सगळं हाताच्या अंतरावर असतं.

आधी गल्लीची दिशा

घराजवळची एक गल्ली निवडा आणि फोनमधल्या होकायंत्रात ती कुठून कुठे जाते ते बघा. फोटोंचं निम्मं गणित इथेच सुटतं.

लक्ष्मी रोड ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातो. अशा रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी ऊन रस्त्याच्या लांबीनेच येतं. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलात तर समोरून येणाऱ्यांच्या केसांना, खांद्यांना, सायकलच्या हँडलला उजेडाची बारीक कड मिळते आणि चेहरे सावलीत जातात. सूर्याकडे पाठ केलीत तर सगळं लख्ख दिसतं, पण सपाट दिसतं. मला पहिला प्रकार आवडतो.

बाजीराव रोडसारख्या दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पश्चिमेकडची घरं उजळतात, दुपारनंतर पूर्वेकडची. आपण सावलीच्या फुटपाथवर उभं राहून उन्हातली बाजू टिपायची. अरुंद पूर्व-पश्चिम बोळांची तऱ्हा आणखी निराळी. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या घरांमुळे बोळ दिवसभर सावलीत असतो आणि समोरच्या घरांच्या फक्त वरच्या मजल्यांना ऊन लागतं. ते ऊन भिंतीवरून परतून खाली झिरपतं. हा बोळ अंधारा समजून लोक पुढे निघून जातात. तसं करू नका, त्याच्याकडे आपण परत येऊ.

आठवडाभर जाता-येता एवढंच पाहा: दोन इमारतींच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी रस्त्यावर कुठे पडते आणि किती वेळ टिकते. बऱ्याचदा ती दहा-पंधरा मिनिटांतच भिंतीवर चढून जाते. जागा कळली की तिथे जाऊन थांबायचं. पिशवी घेऊन मंडईतून परतणाऱ्या आजी, दप्तर सांभाळत पळणारा मुलगा, गॅसची गाडी, कोणी ना कोणी त्या पट्टीतून जातंच. माणसांच्या मागे धावण्यापेक्षा हे सोपं.

पुण्याचा सूर्य

पुणं साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: १३-१४ मेच्या सुमारास आणि जुलैच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत. जुलैत बहुधा ढग असतात, त्यामुळे भरवसा मेचाच. त्या दिवशी साडेबाराच्या आसपास उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. बारा वाजता का नाही? कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

डिसेंबरात हाच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. साडेपाच फुटी माणसाची सावली भर दुपारीही पाच फूट भरते. म्हणून सावल्यांचे फोटो काढायला नोव्हेंबर ते जानेवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. उन्हाळ्यात मात्र सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडावं.

फोनला आवरा

फोनचा कॅमेरा सावली दिसली की ती उजळवायला धावतो. आपल्याला सावली हवी असते, त्याला ती चूक वाटते. म्हणून चौकटीतल्या सगळ्यात उजळ भागावर बोट टेका. बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येईल, ती थोडी खाली ओढा. फोटो गडद दिसायला लागला की घाबरू नका. उन्हातल्या भिंतीचा पोत दिसू लागला म्हणजे जमलं. बऱ्याच फोनमध्ये बोट दाबून धरलं की हे माप लॉक होतं, मग माणूस पट्टीत येईपर्यंत फोन स्वतःच्या मनाने काही बदलत नाही. एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक आपोआप कमी करणारी सोय, बंद करता येत असेल तर करा. फोटो नंतर थोडा उजळवता येतो, पण पांढराफटक झालेला भाग परत मिळत नाही.

सावल्या: भर दुपारी माणूस सोडा, भिंत घ्या

दुपारच्या उन्हात फोटो काढू नयेत असं सगळेच सांगतात. चेहऱ्यांपुरतं ते खरं आहे. डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, नाकाखाली मिशी उगवते. पण डोक्यावरचं ऊन भिंतीला वरून खाली घासत येतं आणि भिंतीवरची प्रत्येक पुढे आलेली गोष्ट आपली लांब सावली खाली सोडते. विजेचा मीटर, अर्धवट उखडलेला पोस्टर, पाण्याचा पाइप, नाल टांगलेला खिळा, 'गेटसमोर गाडी लावू नये'ची पाटी. एरवी नजरेत न भरणारी भिंत त्या तासाभरात नक्षीदार होते.

पुण्याच्या दुकानांची एक ते चारची झोप इथे कामाला येते. चेष्टा पुष्कळ झाली, पण बंद शटरसारखा पडदा दुसरा नाही. शटरच्या आडव्या वळ्यांवर वरून ऊन आलं की प्रत्येक वळीची वरची कड चमकते आणि खालची काळी होते. त्यावर समोरच्या तारांची किंवा झाडाच्या फांदीची सावली पडली की ती सरळ राहत नाही, प्रत्येक वळीला नागमोडी मोडते. हे टिपायचं तर शटरला अगदी समांतर उभे राहा आणि चौकटीत कुलपाशिवाय दुसरं काही घेऊ नका. दुकानाची पाटी आली की डोळा अक्षरं वाचायला जातो.

माणसांच्या सावल्या हव्या असतील तर उंचावर जा. वाड्याचा पहिला मजला, जिन्याचं वळण, पर्वतीच्या पायऱ्यांचा कठडा. ऊन तिरपं असताना पर्वतीवरून खाली पाहिलं की चढणाऱ्याची सावली पायरीपायरीला घडी पडल्यासारखी मोडत जाते. अशा वेळी माणूस चौकटीच्या कडेला ठेवा आणि जागा सावलीला द्या.

मावळत्या सूर्याचे फोटो एवढे झालेत की आता एकही नको. टेकडीवर सगळे पश्चिमेकडे फोन धरून उभे असतात तेव्हा मागे वळून त्या लोकांचे चेहरे पाहा.

सावलीतला परतलेला उजेड

आता तो मघाचा अंधारा बोळ. वरच्या मजल्यावर आपटलेलं ऊन खाली येतं तेव्हा मऊ झालेलं असतं आणि येताना भिंतीचा रंगही घेऊन येतं. समोरची भिंत पिवळी असेल तर चेहरा हळदीला बसल्यासारखा दिसतो, निळ्या ताडपत्रीखाली तोच आजारी वाटतो. भाजीवाल्याचा फोटो काढताना वरची ताडपत्री कुठल्या रंगाची आहे हे पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.

जुन्या वाड्याचा चौक म्हणजे आयता स्टुडिओ. उजेड वरच्या मोकळ्या आकाशातून येतो, ओसरीला छत असतं. माणसाला ओसरीच्या कडेला, चौकाकडे तोंड करून बसवा. एका बाजूने उजेड येईल आणि मागे खोलीचा काळोख राहील. तो दोन पावलं आत सरकला तरी चेहऱ्यावरचा उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून कडेलाच ठेवा. महात्मा फुले मंडईत हेच मोठ्या मापात दिसतं. १८८६ साली उघडलेल्या या इमारतीच्या उंच छताखाली दिवसाचा निळसर उजेड आणि गाळ्यांवरचे पिवळे दिवे एकमेकांत मिसळतात. एकाच टोमॅटोच्या ढिगाची एक बाजू थंड आणि दुसरी उबदार दिसते. फोनला रंग 'सुधारू' देऊ नका, मजा त्या मिसळण्यातच आहे.

प्रतिबिंबं: खाली वाका

पुण्यात खड्ड्यांची तक्रार सगळे करतात. पावसाळ्यात त्यांचा हा एक उपयोग. उभ्याने डबक्यात पाहिलं तर तळाचा चिखलच दिसतो. कारण सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं. नजर तिरपी होत जाते तसं हे प्रमाण वाढत जातं. म्हणून फोन उलटा धरा, भिंग खालच्या बाजूला येऊ द्या आणि ते पाण्याच्या इंचभर वर न्या. बशीएवढ्या डबक्यात आख्खा वाडा मावतो. बोट पाण्यावर न टेकता प्रतिबिंबातल्या इमारतीवर टेका, कारण प्रतिबिंबाचं अंतर खऱ्या वस्तूइतकंच असतं. पाण्यावर फोकस झाला तर पानं आणि कचरा स्पष्ट येतो. आणि मागून बस येतेय का तेही पाहा.

पाऊस नसेल तर सकाळी सडा घातलेली शहाबादी फरशी शोधा. ओली झाली की ती काळी पडते आणि दाराचा उजेड, रांगोळीचा पांढरा रंग, चालणाऱ्याचे पाय धूसर आरशासारखे धरते. पंधरा मिनिटांत वाळते, तेव्हा चहा नंतर घ्या.

नदीच्या भरवशावर राहू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेला ओढ असते आणि प्रतिबिंब टिकत नाही. भिडे पूल पाण्याखाली जायला लागला की फोटोसाठी जवळ जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. वारा सुटण्याआधी पाषाण तलाव किंवा सारसबागेचं तळं बरं.

पण खरा खजिना कसबा पेठेतल्या तांबट आळीत आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम केलं की पृष्ठभागावर ठोक्यांचे बारीक पैलू उमटतात. भांडं दाराकडे वळवलेलं असेल तर प्रत्येक पैलूत दाराचा उजळ चौकोन वेगळा चमकतो. एका घागरीवर शेकडो दारं. जरा जवळ सरकलात की त्या प्रत्येक दारात तुमचं काळं डोकं दिसायला लागतं. तेव्हा एका बाजूने, तिरप्या कोनातून घ्या आणि एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, चमकेसाठी ठेवा. उरलेलं तांबं गडद तपकिरी राहू द्या. हातोडी वर असताना बटण दाबा, खाली आल्यावर भांडं हलतं.

काचेसाठी लक्ष्मी रोड आहेच. साड्यांच्या दुकानाच्या काचेत आतली बाहुली आणि बाहेरची रहदारी एकमेकांवर चढतात. बाहेर जिथे सावली पडते तिथे आतलं दिसतं, बाहेर जिथे ऊन असतं तिथे काच आरसा होते. आतलं काय दिसावं आणि बाहेरचं काय, हे एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरकून ठरवता येतं. स्वतः दिसायचं नसेल तर गडद कपडे घाला. कॅमेऱ्यावर पोलरायझर असेल तर या कामापुरता तो काढून ठेवा. तो चमक खातो आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते.

दिवेलागणीनंतर

सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाशाचा निळा आणि दुकानांचा पिवळा उजेड तोडीस तोड असतात. तेवढ्यात जे काढायचं ते काढा. गणपतीच्या दिवसांत पाऊस पडून गेला की मांडवाची रोषणाई ओल्या डांबरावर लांबच लांब ओघळते. फोनचा नाइट मोड बंद करा, नाहीतर तो रात्रीची दुपार करून टाकतो.

परवानगी

सावलीत कोण आहे हे ओळखू येत नसेल तर प्रश्न नाही. चेहरा दिसत असेल, किंवा कुणाच्या वाड्याच्या चौकात शिरायचं असेल, तर आधी विचारा. 'काका, तुमच्या दारात उजेड फार छान आलाय, एक फोटो काढू का?' या प्रश्नाला पेठेत सहसा दोनच उत्तरं मिळतात. एक, 'कशासाठी?' आणि दुसरं, तासभराचा वाड्याचा इतिहास. 'नाही' म्हणाले तर निमूट निघा. फोटो काढू दिला तर तो पाठवायला विसरू नका, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि एवढ्या खटपटीने राखलेल्या गडद सावल्यांमध्ये चौकोन चौकोन दिसायला लागतात.