घाटात गाडी दाबायची असेल तर टायरमध्ये हवा किती ठेवावी?

टायरच्या बाजूवर ‘मॅक्स ५१ पीएसआय’ असं कोरलेलं असतं (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). पंपावरचा मुलगा सवयीने ‘पस्तीस ना?’ असं विचारतो. ताम्हिणीत किंवा चोर्ला घाटात जरा जोर लावून गाडी चालवायची असेल, तर या दोन्ही आकड्यांचा काही उपयोग नाही. पहिला आकडा म्हणजे तो टायर सोसू शकेल अशी कमाल मर्यादा, आणि तुमची गाडी किती वजनाची आहे हे त्या टायरला माहीत नसतं. दुसरा निव्वळ अंदाज असतो. खरी सुरुवात ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरपासून होते. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. त्यावर पुढचे टायर, मागचे टायर, कमी माणसं आणि पूर्ण लोड असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात.

पुढचं सगळं फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणारी) हॅचबॅक धरून सांगतो, कारण आपल्याकडे घाटात बहुतेकदा तीच असते. स्टिकरवर पुढे-मागे ३३ पीएसआय आहे असं समजू.

हा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. एका बाजूवर ऊन पडत असेल तर त्या बाजूचे टायर एखाद-दोन पीएसआय जास्त दाखवतात, म्हणून सूर्य वर येण्याआधी मोजलेलं बरं. तापमान १० अंशांनी बदललं की प्रेशर साधारण दीड पीएसआयने बदलतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना भरलेली हवा दुपारी ३० अंशांना, गाडी जागची न हलवताही, अडीच-पावणेतीन पीएसआय जास्त दिसेल.

स्वतःचं डिजिटल गेज घ्या. पंपावरचे गेज दिवसभर आपटले जातात आणि दोन पंपांचे आकडे क्वचितच जुळतात. एकच गेज नेहमी वापरलं, तर ते अर्ध्या पीएसआयने चुकीचं असलं तरी चालतं, कारण तुलना त्याच्याशीच होत राहते. घरी कॉम्प्रेसर नसेल तर असं करा: घरी थंड टायर मोजा. ३० दिसलं आणि ३५ हवं असेल तर कमतरता ५. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून ३२ दाखवत असेल तर तिथे ३७ भरून घ्या. ३५ वर थांबलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ३३ दाखवेल.

आता मुख्य काम. स्टिकरपेक्षा २ पीएसआय जास्त, म्हणजे चारही टायर ३५ वर आणा. दाबून चालवताना टायरची बाजू वळणात जास्त वाकते. या जादा हवेने ती ताठ राहते आणि स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच ऐकते. ग्रिप वाढावी म्हणून हवा कमी करायची, ही रेसच्या टायरची आणि ट्रॅकवरची गोष्ट आहे. रस्त्याच्या टायरमध्ये स्टिकरखाली गेलात तर बाजू जास्त वाकते, आतून टायर तापतो, आणि भरल्या गाडीने उतार उतरताना तो फुटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे स्टिकरचा आकडा हा तळ समजा, त्याखाली जाऊच नका.

पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेवर पांढऱ्या खडूने रेघा ओढा. नक्षीच्या शेवटच्या ठोकळ्यापासून खाली बाजूवर तीन-चार सेंटीमीटरपर्यंत, टायरभोवती तीन ठिकाणी. मग ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं नेहमीच्या जोराने चालवा. जोर म्हणजे आपल्या लेनमध्ये आणि वेगमर्यादेत, कारण आंधळ्या वळणापलीकडे एसटी असू शकते हे गृहीत धरूनच घाट चालवायचा असतो. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजून आकडे लिहून ठेवा.

३५ वरून ३९-४१ झालं, म्हणजे ४ ते ६ ची वाढ, तर सुरुवातीचा आकडा जमला. ७-८ ने वाढलं तर टायर जास्त वाकतोय: हवा कमी आहे किंवा गाडीत वजन जास्त आहे. एक-दोननेच वाढलं तर टायर गरजेपेक्षा कडक आहे, किंवा तुम्ही तेवढ्या जोराने चालवलंच नाही. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, म्हणून त्याला खडूची साक्ष जोडा. खडू नक्षीच्या कडेपर्यंतच पुसला गेला असेल तर उत्तम. कडा ओलांडून बाजूवर एखाद सेंटीमीटर पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. कडेच्या ठोकळ्यावरचा खडूही शाबूत असेल तर हवा जास्त आहे, १-२ कमी करा. एका वेळी दोनपेक्षा जास्त बदल नको, आणि बदल नेहमी थंड टायरमध्येच.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे घाट चढून आल्यावर ४० दिसलं म्हणून हवा सोडणे. गरम टायर ३५ वर आणला की दुसऱ्या दिवशी थंड असताना तो तीसच्या आसपास दाखवेल, आणि परतीच्या प्रवासात तोच जास्त तापेल.

हाताला काय जाणवतं तेही महत्त्वाचं. हवा कमी असली की स्टेअरिंग फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम झुकते, आणि सलग उलट-सुलट वळणांत एक झोल मागे रेंगाळतो. टायर लवकर किंचाळतात. हवा जास्त असली की सरळ रस्त्यावर सगळं छान वाटतं, पण डांबराच्या ठिगळांवर वळताना चाक टुणकन उडतं, आणि खडी सांडलेल्या जागी ब्रेक मारला की एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर कुरकुरायला लागतं. पावसाळ्यानंतर आपल्या घाटांची जी दशा होते, ती पाहता ३८ च्या वर थंड प्रेशर हॅचबॅकमध्ये मला कुठेच पटत नाही.

गाडीचं नाक वळणाबाहेर जात असेल तर आधी वळणात शिरतानाचा वेग कमी करा. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. तरीही जात असेल आणि खडू कडा ओलांडत असेल, तर फक्त पुढे २ पीएसआय वाढवा: पुढे ३७, मागे ३५. मागची हवा वाढवून गाडी ‘वळवायची’ युक्ती ऐकायला मिळते. तिने मागची ग्रिप कमी होते आणि ओल्या उतारावर अचानक शेपूट सुटते. घाटात ती करू नका. एकाच एक्सलवरच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या) डाव्या-उजव्या टायरमध्ये फरकही ठेवू नका.

पावसात हवा कमी करण्याचा सल्ला तर चक्क उलटा आहे. साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागतो, तो वेग प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. नासाच्या जुन्या सूत्राने ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २५ ला सुमारे ८३. नक्षी झिजलेली असेल तर हा धोका आणखी खरा. १.६ मिलिमीटरची झीज-खूण दिसायला लागली असेल, तर प्रेशरचा विचार नंतर, आधी टायर बदला.

पुण्याहून कोकणात उतरलात की तापमान तेच असलं तरी गेज सुमारे एक पीएसआय कमी दाखवतं, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. महाबळेश्वरला उलट, किनाऱ्यापेक्षा दोनेक पीएसआय जास्त. गळती समजून घाबरू नका. मुक्कामी सकाळी पुन्हा मोजा आणि तिथल्या आकड्यानुसार भरा.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फायदा काय तो कोरडेपणाचा, म्हणजे त्यात बाष्प नसतं. त्यापेक्षा व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा आणि टोपणं घट्ट बसवा.

घरचे सगळे आणि सामान घेऊन निघालात, तर वरचं गणित बाजूला ठेवून स्टिकरवरचा पूर्ण लोडचा आकडा भरा. बऱ्याच गाड्यांत तो मागच्या टायरसाठी बराच जास्त असतो. स्टेपनीही त्याच वेळी मोजा.