कॅमच्या भांडणात खरा जाणकार कसा ओळखायचा

कॅम म्हणजे सीएनसी मशीनचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ग्रुपवर प्रश्न येतो: ‘पी २० स्टीलमध्ये १० एमएमचा एंडमिल (कटर) तुटतोय, काय करू?’ लगेच एक जण म्हणतो मास्टरकॅम सॉफ्टवेअर घे, दुसरा म्हणतो एनएक्सपुढे बाकी सगळा पोरखेळ, तिसरा म्हणतो वीस वर्षं प्रोग्रामिंग करतोय, फीड (कटर पुढे सरकायचा वेग) कमी कर. मग या तिघांचंच जुंपतं आणि कटर तुटलेला बिचारा बाजूला राहतो. मी भोसरी एमआयडीसीत मोल्डचं प्रोग्रामिंग करते. ग्रुपवर मला सगळे ‘सर’ म्हणतात. दुरुस्त करत बसत नाही, तेवढ्या वेळात मोल्डमधलं एक पॉकेट कापून होतं.

अशा वादात कोणाचं ऐकायचं? आधी बघा, उत्तराऐवजी उलट प्रश्न कोण विचारतंय. कटर किती दातांचा, होल्डरच्या बाहेर किती, साइडने किती घेतोस, स्पिंडल लोड किती दाखवतो? हे न विचारता इलाज सांगणारा अंदाजपंचे बोलतोय, मग त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.

मग आकडा मागा. समजा कटर चार दातांचा कार्बाइड आहे आणि कटिंग स्पीड मिनिटाला १२० मीटर धरला. आरपीएम येतो साधारण ३८२०. दातामागे ०.०५ एमएम घेतलं तर फीड मिनिटाला ७६४ एमएम. इथवर कोणीही येतो. पण टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, डायनॅमिक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह (साइडने थोडं थोडं कापणारा) असेल आणि साइडने फक्त १ एमएम घेत असाल, तर चिप ०.०५ जाडीची निघतच नाही, ०.०३ ची निघते. म्हणजे दात धड कापत नाही, घासतो आणि तापतो. ०.०५ ची चिप हवी तर फीड १२७० च्या आसपास न्यायला हवं. ‘फीड कमी कर’ या सल्ल्याच्या बरोबर उलट! जाणकार हे गणित मांडतो आणि त्याच दमात विचारतो, कटर फार बाहेर काढलेला नाही ना? कारण तसं असेल तर १२७० ला चॅटर (थरथर) येईल, आणि आधी कटर आत घ्यावा लागेल.

सगळ्यात जास्त भांडणं ‘सिम्युलेशनमध्ये ओके होतं, मशीनवर क्लॅम्पला ठोकलं’ यावरून होतात. लगेच सॉफ्टवेअर भंगार ठरतं. इथे कंट्रोलरची माहिती कोणाला आहे ते कळतं. फॅनक कंट्रोलरवर जी-झिरोची रॅपिड चाल (न कापता जोरात पळायची) सरळ रेषेत जाईलच असं नाही; ते १४०१ नंबरच्या पॅरामीटरमधल्या एका बिटवर ठरतं. तो बिट शून्य असेल तर प्रत्येक अ‍ॅक्सिस आपापल्या वेगाने पळतो. शून्यावरून एक्स १००, वाय ३० ला जायचंय आणि दोन्ही अ‍ॅक्सिसचा रॅपिड सारखा आहे असं धरा. टूल आधी ४५ अंशात जाऊन एक्स ३०, वाय ३० ला पोचतं, मग तिथून एक्समध्ये सरळ. स्क्रीनवरच्या सरळ रेषेत मात्र एक्स ३० ला वाय फक्त ९ असतो. फरक २१ एमएमचा. क्लिअरन्स कमी ठेवलाय आणि नेमका तिथे क्लॅम्प आहे, तर ठोकणारच. शिवाय बरीच सिम्युलेशनं आतला टूलपाथ दाखवतात, पोस्टमधून (टूलपाथचा मशीनचा कोड बनवणाऱ्या भागातून) निघालेला प्रोग्राम नाही. म्हणून अशा वादात मी एवढंच म्हणते, ठोकलं त्या आधीच्या प्रोग्रामच्या दहा ओळी टाका. निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

‘फ्यूजन सॉफ्टवेअरचा सायकल टाइम (जॉबला लागणारा वेळ) जास्त येतो’ म्हणणाऱ्याला आधी लायसन्स विचारा. फुकटच्या पर्सनल लायसन्समध्ये ऑक्टोबर २०२० पासून रॅपिड मिळत नाही, हवेतल्या चालीसुद्धा फीडने होतात.

अनुभवाच्या वर्षांचं काय? वीस वर्षं प्लेटा मारणाऱ्याला पाच अ‍ॅक्सिसचं विचारू नका, पण खोल ड्रिलिंगचं जरूर विचारा. सर्टिफिकेटवाल्याचंही तसंच, कमांड कुठे आहे ते त्याला माहीत असतं, जॉब वाइसमध्ये किती दबतो ते असेलच असं नाही.

सीनियर माणूस चुकतोय असं वाटलं तर ‘तुम्हाला कळत नाही’ लिहू नका. ‘दादा, तुमच्याकडे हे कोणत्या होल्डरवर चालतं?’ असं विचारा. बऱ्याचदा त्यांचं मशीन ४० टेपरचं नसून ५० टेपरचं, म्हणजे जाड, दणकट होल्डरचं निघतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

पटलेला सल्लाही थेट जॉबवर लावू नका. झेड ५० एमएम वर उचलून हवेत चालवा, मग सिंगल ब्लॉक (एकेक ओळ), रॅपिड २५ टक्क्यांवर. आणि ‘पर्सनलवर या, सांगतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तिथे बहुधा क्लासची फी सांगतात.