सैनिकी प्रशिक्षणाची डायरी: या चुका टाळा

सैनिकी प्रशिक्षण संपवून आलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी ऐकायला मिळतात: प्रशिक्षक कसे ओरडायचे आणि शेवटच्या परेडला छाती कशी भरून आली. मधले आठवडे? 'नुसता रगडा होता' एवढ्यावर उरकतात. खरं तर लिहून ठेवायचे ते हेच आठवडे, कारण ओरडणं आणि परेड न लिहिताही लक्षात राहतात. बहुतेकांच्या वह्यांत मात्र उलटं असतं. पहिला दिवस दोन पानं, परेड चार पानं आणि मध्ये कोरं.

पहिल्याच दिवसापासून रोज लिहायचं, हा बेत जवळजवळ नेहमी फसतो. सुरुवातीचे दिवस केस कापणं, कपडे-बूट घेणं, लशी, तपासण्या आणि फॉर्म यांत जातात. झोपेचे तर हालच. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या 13 आठवड्यांच्या प्रशिक्षणातही सुरुवातीचे दिवस असल्याच सोपस्कारांचे असतात. त्या दिवसांत ओळही झाली नाही म्हणून वही बाजूला टाकू नका. पहिली मोकळीक मिळाली की मागचं लिहा आणि वर 'हे नंतर लिहिलं' अशी नोंद करा. निघण्याआधी मात्र एक पान जरूर लिहा: कशाची धास्ती आहे, न थांबता किती धावता येतं, घरात कोण काय म्हणालं. हे पान घरीच ठेवा. परत आल्यावर तुम्ही छातीठोकपणे सांगाल की आपल्याला कसली धास्तीच नव्हती.

मोबाईलवर भिस्त नको. बऱ्याच ठिकाणी तो आल्या आल्या जमा होतो. खिशात मावेल अशी वही आणि साधी पेन्सिल पुरते. जेल पेनची शाई घामाने आणि पावसाने पसरते, पेन्सिलीचं अक्षर टिकतं. वही चेनच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. ती तपासणीत उघडली जाणार हे धरूनच लिहा. वही ठेवायला परवानगी आहे का, हे सरळ विचारा. लपवलेली वही सापडली तर मजकुरापेक्षा लपवणंच महागात पडतं. आणि दिवे मालवल्यावर पांघरुणात टॉर्च लावून लिहिण्याचा पराक्रम करू नका. झोप ही तिथली सगळ्यात महाग वस्तू आहे. बूट चमकवायच्या वेळेत चार ओळी होतात, तेवढ्या पुरे.

त्या चार ओळींत काय लिहायचं, इथेच खरी गाडी अडते. 'आज खूप थकलो. पाय दुखतात. उद्या पुन्हा पीटी.' असं ओळीने दहा दिवस लिहिलं की अकराव्या दिवशी वही बंद पडते, कारण लिहिणाऱ्यालाच कंटाळा येतो. थकवा रोजचाच असतो, तो लिहून हाती काही लागत नाही. त्याऐवजी एकच नेमकी गोष्ट धरा. 'डाव्या टाचेचा फोड फुटला, मोजा सोलून काढावा लागला. शेजारच्याने काही न बोलता पट्टी पुढे केली.' एवढ्यात तो दिवस आला, थकव्यासकट. जेवायला किती मिनिटं मिळाली, कुणाची शिक्षा सगळ्यांना भोगावी लागली, हसू दाबताना कोण पकडलं गेलं, रांगेत उभं असताना नाकाला कसला वास येत होता, ओरडून दिलेला कुठला हुकूम कुणालाच कळला नाही, असलं लिहा. सगळ्यांत मोलाची नोंद हमखास सुटते ती सवयीची. पहिल्या आठवड्यात अंथरुणाच्या घड्या नीट बसत नाहीत म्हणून रडकुंडीला आलेला माणूस काही दिवसांनी अर्धझोपेत तेच काम बिनचूक करतो. हा बदल कधी झाला, ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून जी गोष्ट आज प्रथमच जड गेली नाही, ती त्याच दिवशी लिहा.

आता गोपनीयता. नोंद तुमची असली तरी जागा सैन्याची आहे. तुकडीची संख्या, पहाऱ्याच्या वेळा, इमारतींची मांडणी, शस्त्रागार, सरावाचं ठिकाण यांतलं काहीही वहीत नको, फोटोत तर नकोच. मोबाईलच्या फोटोत बहुधा ठिकाणाची माहिती आपोआप साठते. धावण्याची वाट टिपणारं स्मार्ट घड्याळ त्याहून घातक. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. 2018 च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की सीरिया, अफगाणिस्तानसारख्या भागांतले लष्करी तळ त्यात उजळून दिसताहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, मोहिमेच्या क्षेत्रात अशा उपकरणांची ठिकाण टिपणारी सोय वापरण्यावर बंदी घातली. कुणी फितुरी केली नव्हती, माणसं फक्त व्यायाम करत होती.

पत्रं हीच डायरी, असं मानणं ही आणखी एक गफलत. आईला लिहिलेलं पत्र आईला धीर द्यायला असतं; त्यात जेवण नेहमी चांगलं आणि तब्येत नेहमी ठणठणीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना छापील ओळींचं कार्ड मिळायचं. लागू नसलेल्या ओळी खोडायच्या आणि पाठवायचं. सही-तारखेपलीकडे एक शब्द वाढवला तरी कार्ड नष्ट होई. आपली पत्रं कुणी सेन्सॉर करत नसलं तरी ते काम आपण स्वतःच करतो. पत्रं जपाच, घरच्यांना पाकिटासकट ठेवायला सांगा म्हणजे टपालाच्या शिक्क्यावरून तारीख कळेल. पण खरं वहीत लिहा. वहीला परवानगीच नसेल, तर जवळच्या एका मित्राला वेगळं, न सजवलेलं पत्र धाडत जा.

सोबत्यांची खरी नावं टाळा. रात्री रडलेल्या पोराचं नाव लिहिण्याचा हक्क तुम्हाला नाही. एखादं अक्षर वापरा. मात्र शिस्तीची सीमा ओलांडून कुणाला मारहाण किंवा छळ झाला, तर तिथे मोघमपणा नको. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं आणि नेमकं काय घडलं, हे त्याच दिवशी वेगळ्या कागदावर, विशेषणं न लावता लिहा. तक्रार करायची वेळ आली तर असा कागद फार उपयोगी पडतो.

परतल्यावरची चूक म्हणजे मूळ वही 'सुधारणं'. घाबरलेल्या ओळी खोडायच्या, विनोद पेरायचे. तसं करू नका. सांगायचं असेल ते वेगळ्या शाईने, आजची तारीख घालून समासात लिहा.

काही आठवडे कोरेच राहिले असतील, तर ते भरता येतात, पण लवकर. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. लशींचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पत्रांच्या तारखा आधी ओळीने मांडा. मग सोबत्यांना फोन करा, पण आपल्या आठवणी लिहून झाल्यावरच. आधी गप्पा मारल्या की दुसऱ्याची आठवण आपल्यात मिसळते आणि नंतर ती वेगळी काढता येत नाही. दोघांच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कोणती कुणाची ते नोंदवून.