वाड्यावर पोलिसांनी मारहाण केली तर काय करायचं

दिवाळीनंतर पारनेर, फलटणकडचे आपले धनगर मेंढपाळ कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरतात, मधे सारखा नवा तळ. कुणाच्या पिकात मेंढरं शिरली म्हणून भांडण झालं किंवा जवळपास चोरी झाली की पोलीस आधी वाड्यावर, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांच्या फिरत्या मुक्कामावर येतात, एखाद्या पोराला उचलतात, मारतात, आणि दोन दिवसांनी वाडा पुढं गेला की प्रकरण तिथंच मिटतं. ते मिटू द्यायचं नसेल तर तळ हलवायच्या आधी कागद झालाच पाहिजे. वाड्यातल्या शिकलेल्या पोरापोरींनी हे वाचून कारभाऱ्यांना समजावून सांगा.

नेत असतानाच पोलिसाचं नाव, गाडीचा नंबर, पोलीस ठाणं आणि वेळ लिहून घ्या, फोन असेल तर गावाकडच्या माणसाला तेव्हाच मेसेज टाका म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. अटक असेल तर अटकेचा मेमो, म्हणजे अटकेची लेखी नोंद बनवावी लागते, त्यावर घरच्याची किंवा तिथल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. नुसतं चौकशीला आणलंय असं म्हणून रात्रभर बसवून ठेवत असतील तर अटक आहे की नाही ते स्पष्ट विचारा आणि 15100 या मोफत कायदा मदतीच्या नंबरवर फोन करा, कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, कुठल्याही जातीचा असो. बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर अटक करायची तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दवाखाना. सुटून आला की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि पोलिसांनी मारलं असंच डॉक्टरला सांगा, भीतीपोटी पडलो म्हणालात तर तेच कागदावर येतं आणि पुढं कोर्टात तेच आडवं येतं. एमएलसी करा म्हणा, म्हणजे मारहाणीची पोलीस-कोर्टाच्या कामाची दवाखान्यातली नोंद, जखमांचे फोटो काढा, कपडे धुऊ नका. माणूस अजून कोठडीत असेल तर त्याला निरोप पोचवा की मॅजिस्ट्रेटसमोर स्वतः तोंड उघड, वळ दाखव. आणि मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, उलट कबुलीसाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे, हे पोरांना आधीच माहीत पाहिजे.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढच्या तळावर पोचला असाल तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, म्हणजे घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी तक्रार घ्यावी लागते. तक्रारीत ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं मुद्दाम लिहा, कॅमेरे बसवायचा आदेश सुप्रीम कोर्टानं 2020 मध्येच दिलाय. पत्ता मात्र तळाचा नको, गावचा द्या आणि तिथं कायम असणाऱ्या माणसाचा फोन नंबर, नाहीतर नोटीस येते आणि घ्यायला कुणी नसतं.

महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती क मध्ये असल्यानं अनुसूचित जाती-जमातींसाठी असलेला ॲट्रॉसिटीचा कायदा लागत नाही, त्याच्या भरवशावर वेळ घालवू नका. मानवी हक्क आयोगाकडं मराठीत अर्ज चालतो, फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत गेला पाहिजे, सोबत दवाखान्याच्या कागदाची आणि पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स जोडा.